नो-फॉल्ट विमा : चूक कोणाचीही असो, उपचाराचा खर्च कोण देतो?

अमेरिकेत गाडी घेतली की विमा आलाच. तो घेताना आपण हप्ता किती बसतो एवढेच बहुधा पाहतो. नंतर पॉलिसीची पाने फाइलमध्ये जातात, ती अपघात होईपर्यंत बाहेर येत नाहीत. अपघात झाला की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो "चूक कोणाची?" हा. पण न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मिशिगन यांसारख्या राज्यांत, निदान दवाखान्याच्या खर्चापुरता तरी, हा प्रश्न नंतरचा आहे. आधीचा प्रश्न असा, की अर्ज कोणत्या कंपनीकडे करायचा आणि किती दिवसांत?

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. वकील नाही, विमा एजंटही नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला न्यूयॉर्कमध्ये गाडीची धडक बसली, तेव्हा हे नियम मला मुळापासून वाचावे लागले. त्यानंतर ओळखीच्या तीन-चार कुटुंबांनी हेच प्रश्न विचारले. म्हणून ही माहिती मंडळाच्या वाचकांसाठी एकत्र देत आहे.

ही पद्धत आली कशी?

पूर्वी जखमी माणसाला आधी समोरच्या चालकाची चूक सिद्ध करावी लागे. खटला वर्षानुवर्षे चाले आणि हॉस्पिटलची बिले मात्र लगेच येत. रॉबर्ट कीटन आणि जेफ्री ओकॉनेल या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी १९६५ साली पर्याय सुचवला : लहानमोठ्या दुखापतींचा खर्च गाडीच्या विम्यानेच चूक न पाहता द्यावा आणि कोर्टाची वाट गंभीर दुखापतींसाठी राखून ठेवावी. मॅसॅच्युसेट्सने १९७१ मध्ये ही पद्धत प्रथम आणली. न्यू जर्सी व मिशिगन १९७३ मध्ये आणि न्यूयॉर्क १९७४ मध्ये तिच्या मागून आले. आज सुमारे डझनभर राज्यांत ती आहे. कॅलिफोर्निया किंवा इलिनॉय या राज्यांत ती नाही, हे तिकडून बदली होऊन येणाऱ्यांनी आणि इकडून तिकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

कल्पना आपल्यालाही अगदी परकी नाही. भारतात १९८२ साली मोटार वाहन कायद्यात चूक सिद्ध न करता ठरावीक रक्कम देण्याची तरतूद झाली. २०१९ च्या दुरुस्तीने ती मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर जखमेसाठी अडीच लाख रुपये केली. फरक इतकाच, की तिथे ठरावीक रक्कम मिळते आणि इथे प्रत्यक्ष झालेला खर्च मिळतो.

न्यूयॉर्कमध्ये काय मिळते?

प्रत्येक जखमी व्यक्तीमागे किमान ५०,००० डॉलरपर्यंतचे संरक्षण कायद्याने सक्तीचे आहे. त्यात तीन गोष्टी येतात :

१. उपचाराचा आवश्यक खर्च : अँब्युलन्स, इमर्जन्सी रूम, शस्त्रक्रिया, औषधे, फिजिओथेरपी.

२. बुडालेला पगार : पगाराच्या ८० टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त २,००० डॉलर आणि अपघातापासून तीन वर्षांपर्यंत. सरकारी डिसॅबिलिटीची रक्कम मिळत असेल तर ती यातून वजा होते.

३. इतर आवश्यक खर्च : दिवसाला २५ डॉलरपर्यंत, एक वर्ष. डॉक्टरकडे जाण्याची टॅक्सी, घरकामासाठी ठेवलेली बाई, हे सारे यात बसते. पावत्या मात्र हव्यात.

मृत्यू झाल्यास वारसांना याखेरीज २,००० डॉलर मिळतात.

गाडीची दुरुस्ती यात येत नाही. तिच्यासाठी कोलिजनचा भाग वेगळा असतो. मोटरसायकलवरून जाणाऱ्यांना हे संरक्षण नाही. नशेत गाडी चालवून स्वतःला इजा करून घेणाऱ्याला कंपनी हे फायदे नाकारू शकते. ऑफिसच्या कामासाठी गाडीने जात असताना अपघात झाला, तर आधी वर्कर्स कॉम्पेन्सेशनकडे जावे लागते.

वेदना आणि मनस्ताप यांची भरपाईही नो-फॉल्टमध्ये नाही. तिच्यासाठी चूक करणाऱ्या चालकावर दावा लावावा लागतो आणि त्याला कायद्याने सांगितलेली "गंभीर दुखापत" लागते. हाड मोडणे त्या व्याख्येत बसते. शिवाय अपघातानंतरच्या १८० दिवसांपैकी ९० दिवस नेहमीची कामे करता आली नाहीत, तर तेही बसू शकते. असे असेल तर वकिलाला भेटावे. साधारण मुदत तीन वर्षांची आहे; पण धडक शहराच्या बसची असेल तर ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते.

अर्ज कोणाकडे?

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. न्यूयॉर्कमध्ये साधा नियम असा :

आपण गाडीत बसलो असू, तर त्याच गाडीच्या विमा कंपनीकडे. मग गाडी आपली असो, मित्राची असो की टॅक्सी असो.

आपण पायी किंवा सायकलवर असू, तर ज्या गाडीने धडक दिली तिच्या कंपनीकडे.

धडक देऊन गाडी पळून गेली, तर घरात ज्याच्या नावाने गाडीचा विमा आहे त्याच्या पॉलिसीकडे. घरात पॉलिसीच नसेल, तर न्यूयॉर्कच्या रहिवाशांसाठी एम.व्ही.ए.आय.सी. नावाची संस्था आहे. अशा वेळी पोलिसांत २४ तासांच्या आत तक्रार नोंदवणे फार महत्त्वाचे.

मित्राच्या गाडीत बसलेलो असताना त्याच्याच कंपनीकडे अर्ज करायचा, हे आपल्या लोकांना जड जाते. "त्याने प्रेमाने लिफ्ट दिली आणि आपण त्याच्यावर क्लेम टाकायचा?" असे वाटते. पण हा अर्ज मित्राविरुद्धचा दावा नव्हे. त्याने ज्या संरक्षणाचे हप्ते भरले, तेच आपण वापरतो. तसेच ही सरकारी मदतही नव्हे. विमा कंपनीने करारानुसार द्यायचा हा पैसा आहे. एच-वन किंवा व्हिजिटर व्हिसावरील माणसाने त्यासाठी संकोच करण्याचे कारण नाही.

चार मुदती

न्यूयॉर्कच्या या चार मुदती कागदावर लिहून फ्रिजवर लावाव्यात इतक्या महत्त्वाच्या आहेत.

३० दिवस : अपघातापासून इतक्या दिवसांत कंपनीला लेखी कळवलेच पाहिजे. एन.एफ.-२ हा अर्ज भरून पाठवला की ही अट पुरी होते. कंपनीच्या एजंटला फोन केला, एवढे पुरेसे नाही. उशीर झालाच, तर त्याचे सबळ कारण लेखी द्यावे. बेशुद्धी, हॉस्पिटलातील मुक्काम अशा कारणांचा विचार होतो.

४५ दिवस : प्रत्येक उपचारानंतर इतक्या दिवसांत त्याचे बिल कंपनीकडे गेले पाहिजे. बहुतेक वेळा डॉक्टरच ते पाठवतात. पण त्यांना क्लेम नंबर देण्याचे काम आपले.

९० दिवस : पगार बुडाल्यापासून इतक्या दिवसांत त्याची मागणी. यासाठी एन.एफ.-६ हा फॉर्म आपल्या ऑफिसकडून भरून घ्यावा लागतो.

३० दिवस : ही मुदत कंपनीसाठी. आवश्यक कागद पोचल्यावर इतक्या दिवसांत तिने पैसे द्यावेत किंवा लेखी नकार द्यावा. उशीर केल्यास महिन्याला २ टक्के व्याज लागते. मात्र कंपनीने आणखी माहिती मागवली, तर ती मिळेपर्यंत ही मुदत पुढे जाते. म्हणून तिची पत्रे उघडून लगेच उत्तर द्यावे.

भेटीला आलेले आई-वडील

माझी आई उन्हाळ्यात आमच्याकडे आली होती. क्वीन्समध्ये सिग्नल पाहून रस्ता ओलांडत असताना डावीकडे वळणाऱ्या गाडीने तिला पाडले. मनगट मोडले आणि प्लेट घालावी लागली. हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसने आधी व्हिजिटर इन्शुरन्सचे कार्ड मागितले. त्या पॉलिसीत शस्त्रक्रियेसाठी ठरावीक आणि तुटपुंजी रक्कम होती. बाकी सारे आम्हाला खिशातून द्यावे लागले असते. ती पायी होती, म्हणून धडक देणाऱ्या गाडीची कंपनी जबाबदार होती. पोलीस रिपोर्टवरून कंपनीचे नाव घेतले, पाचव्या दिवशी एन.एफ.-२ रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला आणि क्लेम नंबर हॉस्पिटल, सर्जन व फिजिओथेरपिस्ट या तिघांना दिला. न्यूयॉर्कमध्ये जखमी माणूस इथला रहिवासी नाही, एवढ्यावरून हे फायदे जात नाहीत. शिवाय या उपचारांचे दर ठरलेले असतात. त्याहून जास्त रक्कम डॉक्टर रुग्णाकडे मागू शकत नाहीत.

तीन महिन्यांनी कंपनीने तिला आपल्या डॉक्टरकडे तपासणीसाठी बोलावले. हा कंपनीचा हक्क आहे आणि तिथे न जाणे सर्वांत महाग पडते. त्या कारणाने क्लेमच नाकारला जाऊ शकतो आणि मग बिले आपल्या दारात येतात. तारीख गैरसोयीची असेल तर आधी कळवून बदलून घ्यावी. जाण्यायेण्याचा खर्च आणि त्या दिवशी बुडालेला पगार कंपनीने द्यायचा असतो. तपासणी दहा मिनिटांत आटोपली. पुढच्या आठवड्यात एन.एफ.-१०, म्हणजे नकाराचा फॉर्म, आला : आता फिजिओथेरपीची गरज नाही. त्या वेळी आईला पोळी लाटता येत नव्हती, की बाटलीचे झाकण उघडता येत नव्हते.

नकार आला म्हणजे विषय संपला असे नाही. त्यावर लवादाकडे जाता येते. न्यूयॉर्कमध्ये हे काम अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशन पाहते आणि अर्जाची फी ४० डॉलर आहे. आईने आपले हक्क फिजिओथेरपिस्टच्या नावे लिहून दिले होते, जशी इथे सर्रास पद्धत आहे. त्यामुळे अर्ज त्यांनीच केला. निकाल आमच्या बाजूने लागला, तो वक्तृत्वाने नव्हे. फिजिओथेरपिस्टने दर भेटीला मनगट किती अंश वळते आणि पकड किती, हे आकडे लिहून ठेवले होते. सुधारणा चालू होती आणि थांबली नव्हती, हे त्यावरून दिसले. म्हणून डॉक्टरांना नुसते "अजून दुखते" असे सांगू नका. कोणते काम करता येत नाही ते सांगा आणि ते नोंदवून घ्या. आपली मंडळी, विशेषतः आई-वडील, "आता बरे आहे हो" म्हणून मोकळी होतात. तेच वाक्य फाइलमध्ये बसते.

न्यू जर्सी आणि मिशिगन

न्यू जर्सीत याला पी.आय.पी. म्हणतात. इथे क्रम उलटा आहे : आधी आपली स्वतःची पॉलिसी, ती नसेल तर एकत्र राहणाऱ्या नातेवाइकाची, तीही नसेल तर ज्या गाडीत बसलो होतो तिची. मर्यादा २,५०,००० डॉलरपासून १५,००० पर्यंत आपणच निवडतो. अपघातानंतरच्या पहिल्या दहा दिवसांनंतरच्या बऱ्याच उपचारांना कंपनीची आगाऊ मंजुरी लागते. हप्ता वाचावा म्हणून अनेकजण "आरोग्य विमा आधी" हा पर्याय घेतात. तो घेण्यापूर्वी आपला ऑफिसचा आरोग्य विमा गाडीच्या अपघाताचा खर्च आधी देतो का, हे लेखी विचारा. काही कंपन्यांच्या योजना देत नाहीत. नोकरी गेली तर आरोग्य विमाही जातो. तेव्हा हा पर्याय लगेच बदलावा.

मिशिगनमध्ये पूर्वी आजन्म अमर्याद उपचार मिळत. २०१९ च्या कायद्यानंतर, जुलै २०२० पासूनच्या पॉलिसींत मर्यादा निवडता येते. अमर्याद पर्याय अजूनही आहे. त्याच कायद्याने आपल्या दृष्टीने आणखी मोठा बदल केला. राज्याचा रहिवासी नसलेल्या व्यक्तीला, तिची स्वतःची गाडी मिशिगनमध्ये नोंदवलेली व विमा उतरवलेली नसेल तर, नो-फॉल्टचे फायदे मिळत नाहीत. म्हणजे डेट्रॉईटला मुलाकडे आलेले आई-वडील त्याच्याच गाडीत बसलेले असले, तरी त्यांचा खर्च या विम्यातून निघेलच असे धरून चालू नये. त्यांच्यासाठी अपघाताला पुरेल असा, ठरावीक रकमेऐवजी खर्चाच्या प्रमाणात पैसे देणारा व्हिजिटर विमा घेणे तिथे फारच गरजेचे आहे.

आज संध्याकाळी काय करावे?

पॉलिसीचे डिक्लरेशनचे पान काढा आणि नो-फॉल्टची मर्यादा पाहा. न्यूयॉर्कमध्ये महिना २,००० डॉलरमध्ये घराचा हप्ता भागेल का, याचा हिशेब मांडा. भागत नसेल तर जादा संरक्षणाचा दर एजंटला विचारा. आई-वडिलांचे तिकीट काढण्यापूर्वी आपल्या राज्याचा नियम पाहा. अपघात झालाच, तर पोलीस रिपोर्ट, समोरच्या गाडीचा नंबर, विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी नंबर जागच्या जागी घ्या. किरकोळ वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक कागदाची प्रत ठेवा, पाठवल्याची तारीख लिहा.

प्रत्येक प्रकरण वेगळे असते. मोठी दुखापत असेल, तर त्या राज्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावाच. पण पहिल्या तीस दिवसांतला अर्ज भरायला वकील लागत नाही. तो आपल्यालाच भरता येतो, आणि तो आपणच वेळेत भरायचा असतो.