जुना जालन्यात 'ब्रेक अपग्रेड'चं दुकान: नेमकं काय विकायचं?

गॅरेज टाकायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात इंजिन काम येतं, नाहीतर डेंटिंग-पेंटिंग. आज मी वेगळ्याच कामाबद्दल बोलणार आहे: छोट्या, स्वस्त गाड्यांचे ब्रेक. अल्टो, वॅगनआर, जुनी मारुती 800, सँट्रो. जुना जालन्याच्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्या एकदा मोजून बघा, तुमचा कस्टमर तिथेच दिसेल.

पण ब्रेकच का? कारण गाडी तीच राहिली आणि रस्ता बदलला. पूर्वी ही गाडी गांधी चमन ते स्टेशन, कुंडलिकेचा पूल ओलांडून नव्या जालन्यात, फार तर संभाजीनगरपर्यंत जायची. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जालन्याला इंटरचेंज मिळाला. तिथे कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे दहा-बारा वर्षांची अल्टो, आत पाच माणसं, डिकीत सामान, आणि काटा शंभरच्या पुढे.

आता साधं गणित समजून घ्या, कारण हेच तुम्हाला कस्टमरला सांगायचं आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेकला रिचवावी लागणारी ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. 60 च्या वेगात एका सेकंदात गाडी साधारण 17 मीटर जाते, 120 ला 33 मीटर. पाय पॅडलवर पडायच्या आधीच एवढं अंतर संपलेलं असतं, आणि त्यानंतर थांबायलाही चौपट जागा लागते. गावात 'चांगला लागतो' वाटणारा ब्रेक तिथे उघडा पडतो.

मग कस्टमर तुमच्याकडे येऊन म्हणतो, "भाऊ, ब्रेक अपग्रेड करून द्या. मोठी डिस्क बसवा, मागेही डिस्क करा." इंटरनेटवर त्याने बघितलेलं असतं. इथे तुमची खरी परीक्षा आहे. पैसे मोठे दिसतात, आणि हो म्हणायचा मोह होतो.

माझं मत स्पष्ट आहे: हो म्हणू नका. अल्टो 800 चं रिम 12 इंची. त्यात मोठी डिस्क आणि कॅलिपर मावतच नाही, मग रिम बदला, टायर बदला, खर्च गाडीच्या किमतीच्या अंगावर जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनीने पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल ठरवून दिलेला असतो. जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. मागे जास्त ताकदीचा ब्रेक बसवला तर ती चाकं आधी जाम होतात आणि गाडी गिरकी घेते. पावसाळ्यात तर विचारूच नका.

कायद्याची बाजूही बघा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. नियमबाह्य बदल केला तर कलम 182-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा देणाऱ्यावरही उत्पादन-दायित्व येतं. बिल तुमच्या नावाचं आहे, हे विसरू नका.

मग विकायचं काय? खरं सांगू का, जुन्या छोट्या गाडीचा सगळ्यात मोठा 'अपग्रेड' म्हणजे तिचा ब्रेक मूळ अवस्थेत आणणं. सुरुवात ब्रेक ऑइलपासून करा. कित्येक गाड्यांत ते वर्षानुवर्षं बदललेलंच नसतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट 3 चा किमान उत्कलनबिंदू नव्यात 205 अंश, पाणी शिरल्यावर 140. डॉट 4 चा नव्यात 230, नंतर 155. समृद्धीवर दोन-तीनदा कचकन ब्रेक मारला की ऑइल तापतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. टाकीच्या झाकणावर कंपनीने काय लिहिलंय ते वाचा, सीलबंद डबाच वापरा आणि चारही चाकांची एअर नीट काढा. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नका, रबर फुगतात.

पुढे पॅड. अस्सल किंवा नावाजलेल्या कंपनीचे, आणि तेही बिलासहित घ्या. नकली पॅडमध्ये मार्जिन जास्त असतं, ते कशामुळे असतं हे तुम्हाला सांगायला नको. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटर लावा, त्याखाली गेली असेल तर लेथवर नेऊ नका, बदला. कॅलिपरच्या पिना सुटतात का, होज पाइपला चिरा आहेत का, मागच्या ड्रममधले शू आणि व्हील सिलिंडर गळतो का, हे सगळं चाक काढूनच कळतं. मागचे ड्रम उघडून साफ करणं आणि शू अॅडजस्ट करणं एवढ्यानेच कितीतरी गाड्यांचा पॅडल वर येतो. ड्रममधली धूळ मात्र काँप्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

आणि टायर! गाडी शेवटी टायरच थांबवतो. खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर पॅडवर पैसे घालवून उपयोग नाही. टायर तुम्ही विकत नसाल तरी कस्टमरला हे सांगा. पुढच्या वेळी तो तुमच्याकडेच येतो.

1 एप्रिल 2019 नंतर बनलेल्या कारला एबीएस सक्तीचं झालं. त्यातल्या काही गाड्यांची एअर काढायला स्कॅनर लागतो. तो नसेल तर काम घेऊ नका, दुसरीकडे पाठवा.

धंद्याचं गणित करू. समजा, तपासणीचे 200 रुपये घेता, दिवसाला तीन गाड्या, महिन्याला 25 दिवस. 75 गाड्यांचे 15,000. त्यातल्या 30 गाड्यांना काम निघालं आणि मजुरी व पार्टवरचा नफा धरून प्रत्येकी 700 सुटले, तर 21,000. एकूण 36,000. यातून गाळ्याचं भाडं, वीज, मदतनीस वजा करा. आता यातल्या पाच गाड्या 'अजून आवाज येतो' म्हणून परत आल्या, तर प्रत्येकीमागे अर्धा दिवस फुकट. म्हणजे तुमचा नफा हातातल्या कामापेक्षा परत न येणाऱ्या कामावर ठरतो.

भांडवल फार लागत नाही. चांगला जॅक, चार घोडी, टॉर्क रेंच, पाइपच्या नटाचे पाने, मायक्रोमीटर, एअर काढायची बाटली. मुद्राच्या शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं, उद्यम नोंदणी फुकट होते. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

तपासणी फुकट ठेवावी का, असं बरेच जण विचारतात. मी म्हणतो, नको. फुकट तपासणी केली की काहीतरी काम काढावंच लागतं, आणि कस्टमरलाही ते कळतं. 200 घ्या आणि कार्ड द्या: तारीख, किलोमीटर, चारही चाकांची पॅड-शूची जाडी, डिस्कची जाडी, ऑइल कधी बदललं. काही काम नसेल तर 'काम नाही' असं लिहून सही करा. मोठी डिस्क मागणाऱ्यालाही हेच कार्ड हातात द्या, आणि काम झाल्यावर त्याला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर 40 च्या वेगातून चार-पाचदा हळूहळू ब्रेक लावत न्या. नवे पॅड असेच बसतात, आणि त्याच फेरीत त्याला फरक पायाला जाणवतो.