गायकवृंदासाठी कीबोर्ड निवडताना

गायकवृंदासाठी वाद्य घेताना 'यात टोन किती?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. शेकडो टोनांचा आकडा मोहक असला, तरी उपासनेत ऑर्गन, पियानो, स्ट्रिंग्ज असे मोजकेच ध्वनी उपयोगी पडतात. भाविकांच्या दानातील निधी मर्यादित असतो. म्हणून पुढील बाबी आधी पाहाव्यात, असे आम्हांस वाटते.

खरा सिंथेसायझर नवे ध्वनी घडविण्यासाठी असतो. त्यात बहुधा स्पीकर नसतो, त्यामुळे खर्च वाढतो. साथीसाठी स्पीकर असलेला साधा कीबोर्ड पुरे. पट्ट्या 61, म्हणजे पाच सप्तके, असाव्यात. पियानोइतक्या 88 पट्ट्यांची गरज नाही. पट्टी जोराने वा हळुवार दाबताच आवाज त्यानुसार बदलावा. एरवी शिकणाऱ्याचा हात घडत नाही. एका वेळी किमान 32 स्वर उमटावेत. कमी असल्यास पेडल दाबून वाजविताना आधीचे स्वर मध्येच तुटतात. चर्चमधील ध्वनिक्षेपकास जोडण्याची सोयही तपासावी.

स्टँड, पेडल व अॅडॅप्टर यांसाठी रक्कम राखून ठेवावी. आणि जो वाजविणार आहे, त्यालाच दुकानात सोबत न्यावे. अंतिम निवड त्याच्या बोटांनी करावी.