लोकल बोर्डातील पेन्शनर

स्थानिक स्वराज्याचा इतिहास सांगू लागले म्हणजे लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावापासून आरंभ करण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यापाठोपाठ १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि जिल्ह्या-तालुक्यांतून बोर्डे भरू लागली. पण या बोर्डांच्या सभेत प्रत्यक्ष कोण बसत असे, आणि कोणी बसलेले कोणास खपत नसे, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते समजून घ्यावयाचे तर गोपाळबाबा वलंगकर यांचे चरित्र पाहावे, असे आम्हांस वाटते.

गोपाळबाबांचा जन्म १८४० च्या सुमारास महाडजवळ रावढळ येथे एका महार कुटुंबात झाला. महाराला गावात वतन होते खरे. पण ते वतन म्हणजे दिवसरात्र राबणूक आणि दारोदार मागून आणलेली भाकर. या चाकोरीतून बाहेर पडण्याची एक वाट कोकणातल्या महारांना सापडली होती, ती पलटणीची. तेथे नियमित पगार मिळे आणि, आमच्या मते याहून मोलाचे म्हणजे, अक्षरओळख होई. १८८६ साली गोपाळबाबा निवृत्त होऊन दापोलीस राहिले. दापोलीत फौजी पेन्शनरांची वस्तीच होती, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही पुढे निवृत्तीनंतर तेथेच आले.

पेन्शनीची रक्कम ती केवढीशी! पण ती गावाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. गावाने वाळीत टाकले तरी ती बंद पडत नसे. ज्याची चूल गावकऱ्यांच्या हाती नाही तोच गावकऱ्यांना प्रश्न विचारू शकतो. जोतीराव फुल्यांच्या विचारांनी भारलेले गोपाळबाबा 'दीनबंधु' आणि 'सुधारक' या पत्रांतून लिहू लागले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढून उच्चवर्णीयांना अस्पृश्यतेचा जाब विचारला. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्थाही त्यांचीच.

एवढ्यात लष्करात लढवय्या जातींचे खूळ बळावले आणि १८९० नंतरच्या दोनतीन वर्षांत महारांची भरती बंद झाली. वाटच बुजली म्हणावयाची! ती पुन्हा खुली व्हावी म्हणून गोपाळबाबांनी १८९४ साली सरकारास द्यावयाचा अर्ज तयार केला. तो बहुधा सरकारकडे गेलाच नाही. महार अंमलदारांनी पेन्शन जाईल या धास्तीने सह्या करण्याचे नाकारले, असे सांगतात. जी पेन्शन गावापुढे बोलण्याचे बळ देत होती, तीच सरकारपुढे तोंड बांधीत होती. त्या अंमलदारांना भित्रे म्हणण्याची घाई मात्र आम्ही करणार नाही; सहीची किंमत ज्याला आपल्या मुलाबाळांच्या पोटाने मोजावी लागते त्यालाच ती ठाऊक.

१८९५ साली गोपाळबाबांची महाडच्या तालुका बोर्डावर नेमणूक झाली. ही नेमणूक होती, निवडणूक नव्हे. मतदार होण्यास मालमत्तेची अट असल्यामुळे त्यांच्या समाजाच्या मतांवर कोणी निवडून येणे जवळजवळ अशक्यच होते. तरीही वरिष्ठ वर्गातील सभासदांना ही गोष्ट रुचली नाही आणि वर्तमानपत्रांतून तिजवर बराच वाद माजला. पलटणीच्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला मनुष्य रस्ते आणि शाळांच्या खर्चाचा विचार करण्यास शेजारी बसला, तर विटाळ कशाचा होतो, याचे समाधानकारक उत्तर त्या वादात कोणास देता आले असेल असे आम्हांस वाटत नाही.

१९०० साली गोपाळबाबा रावढळ येथे वारले. नेमणुकीच्या जागी हक्काची जागा हवी, हा मुद्दा त्यांच्यामागे राहिला. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना तरुण आंबेडकरांनी मताधिकाराची अट सैल करावी आणि अस्पृश्यांना राखीव जागा द्याव्यात असे मांडले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. पण पाणी भरण्यास कोणी धजले नाही. मार्च १९२७ मध्ये महाडास परिषद भरली, तेव्हा जमलेल्या मंडळींत कोकणातले फौजी पेन्शनर होते, आणि अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. आंबेडकरांनी लष्करातील बंद झालेल्या भरतीचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी ही सारी मंडळी तळ्याकडे निघाली.