निर्लेखित क्रायो

आमच्या जिल्हा रुग्णालयातलं क्रायो, म्हणजे डोळ्याचा भाग गोठवणारं यंत्र, नुकतंच निर्लेखित होऊन भंगारात गेलं. त्याच्या जागी लेझर आलं असतं तर मला काहीच म्हणायचं नव्हतं.

काचबिंदूत डोळ्याचा दाब उतरवायला गोठवण्याचा उपाय इटलीच्या बिएत्ती यांनी १९५० मध्ये मांडला. पुढे अमॉइल्स यांनी नायट्रस ऑक्साइडवर चालणारी सळई केली आणि हे तंत्र साध्या शस्त्रक्रियागृहांतही पोचलं.

मी पाहिलं ते ऐंशीचं दशक. टिमोलॉलचे थेंब होते, ट्रॅबेक्युलेक्टॉमीची शस्त्रक्रिया होत होती. पण मधुमेहाने पडदा खराब होऊन बुबुळावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, की तो डोळा कशालाच दाद देत नसे. दाब पन्नासच्या वर, नजर गेलेली आणि डोकं भिंतीवर आपटावं अशी कळ. अशा डोळ्यामागे भुलीचं इंजेक्शन द्यायचं, काळ्या-पांढऱ्याच्या सीमेमागे दोन-अडीच मिलिमीटरवर सळई टेकवायची आणि पायाखालचं पेडल दाबायचं. टोक उणे ८० अंशांपर्यंत उतरे. मिनिटभर थांबायचं, मग बर्फ आपोआप सुटू द्यायचा. सळई ओढायची नाही. डोळ्यातलं पाणी तयार करणाऱ्या भागाचा तेवढा तुकडा मरे. एका वेळी अर्धंच वर्तुळ, कारण लोभ केला तर डोळाच आकसून जाई. पहिली रात्र वाईट. सूज येई, कधी दाब आधी चढे. पण पुढच्या काही दिवसांत कळ थांबली, की कित्येक आठवड्यांनी सलग झोपलेला माणूस वेगळाच दिसे. नजर येणार नाही, हे मात्र आधीच स्पष्ट सांगावं लागे.

परिषदांमध्ये याला ‘कसाईकाम’ म्हणणारे होते. नव्वदच्या दशकात डायोड लेझर आलं, सूज आणि वेदना कमी झाल्या. क्रायो मागे पडलं ते योग्यच. पण हिणवणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही, की हे लेझर जिल्ह्याला कधी मिळणार. १९७६ पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर मोतीबिंदूवर राहिला. तिथे नजर परत येते, आकडा दाखवता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही; ठणकणारा आंधळा डोळा कुठल्या उद्दिष्टात बसवणार?

आता त्या रुग्णाच्या हाती पुण्या-मुंबईची चिठ्ठी देतात. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला एक माणूस. दोन खेपा झाल्या की तो स्वतःच म्हणतो, डॉक्टर, डोळा काढूनच टाका. जे दुखणं आम्ही चाळीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावात थांबवत होतो, त्यासाठी आज संमतीपत्रावर अंगठा घ्यावा लागतो.