कायोटीची फर आणि काडतुसांचे गैरसमज

डिसेंबर-जानेवारीत मोंटाना, वायोमिंग, डाकोटा या अमेरिकी राज्यांतल्या माळरानांवर थंडी कडाडली की कायोटीची फर दाट होते. कायोटी हा लांडगा-कोल्ह्याच्या कुळातला, साधारण दहा ते वीस किलो वजनाचा प्राणी. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्या-लांडग्याच्या शिकारीला मनाई आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मात्र कायोटीची शिकार बाराही महिने चालते. मेंढपाळ त्याला कळपाचा वैरी समजतो आणि त्याला मारताना कातड्याची पर्वा करत नाही. फर विकणाऱ्याला ती करावीच लागते, कारण मुठीएवढे भगदाड पडले की भाव कोसळतो. म्हणूनच हिवाळ्यात कोणते काडतूस भरावे यावर शिकाऱ्यांत वाद रंगतात, आणि त्या वादांत ऐकीव गोष्टींचा भरणा फार असतो.

गैरसमज : गोळी जितकी बारीक, तितके भोक लहान.

वस्तुस्थिती : या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या जाडीत फारसा फरक नाही. .१७ कॅलिबरची गोळी सुमारे ४.४ मिलिमीटर, .२०४ची ५.२, .२२३ची ५.७ आणि .२४३ची ६.२ मिलिमीटर जाड असते. सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड गोळीत जेमतेम दोन मिलिमीटरचे अंतर. गोळी आत शिरते तिथले भोक बहुधा इतके लहान असते की फरमध्ये ते शोधावे लागते. कातडे फाटते ते गोळी बाहेर पडते तिथे. पसरलेली गोळी आणि तिच्यासोबत हाडांचे तुकडे दुसऱ्या बाजूने निघाले, की नुकसान ठरलेलेच.

त्यामुळे खरा प्रश्न गोळीच्या जाडीचा नसून ती बाहेर पडते की नाही, हा आहे. पातळ आवरण, मऊ गाभा आणि पॉलिमरचे टोक असलेली गोळी छातीत शिरताच तुकडे होऊन आपली सगळी ऊर्जा तिथेच संपवते. नोस्लरची बॅलिस्टिक टिप, हॉर्नडीची व्ही-मॅक्स आणि सिएराची ब्लिट्झकिंग या गोळ्या याच तत्त्वावर चालतात. १९७१ साली बाजारात आलेल्या .१७ रेमिंग्टनने ‘फर राखणारे काडतूस’ असे नाव कमावले. त्याची २५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला बाराशे मीटरहून अधिक वेगाने सुटते. तिच्या लौकिकाचे श्रेय बारीकपणापेक्षा हलक्या वजनाला आणि ठिसूळ बांधणीला जाते.

गैरसमज : पूर्ण धातूच्या आवरणाची लष्करी गोळी सरळ आरपार जाते, म्हणून फरसाठी तीच उत्तम.

वस्तुस्थिती : या ‘फुल मेटल जॅकेट’ गोळीमागे शिकारीचा विचार कधीच नव्हता. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात बंदी घातली. कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात बनलेल्या मऊ टोकाच्या गोळ्या त्या वादाच्या केंद्रस्थानी होत्या. लष्करांना पूर्ण आवरणाच्या गोळीवरच अवलंबून राहावे लागले, त्यामागे हाही करार आहे.

शिवाय ती सरळ जाईलच, याची खात्री नसते. मार्टिन फॅकलर या अमेरिकी लष्करी शल्यविशारदाने १९८०च्या दशकात जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्या घेतल्या. एम-१९३ ही ५५ ग्रेनची लष्करी गोळी जवळून झाडली, तर साधारण बारा सेंटिमीटर सरळ जाते, मग आडवी होते आणि मधल्या खाचेपाशी तुटते, असे त्यांत दिसले. कायोटीच्या छातीत ती कधी आडवी होण्याआधीच आरपार जाते, आणि जखमी जनावर दूर पळून हाती लागत नाही. कधी ती बाहेर पडतानाच आडवी होते आणि कातडे उसवते. दोन्ही शक्यतांत शिकाऱ्याचा तोटा आहे, आणि पहिल्या शक्यतेत जनावराचे हालही.

गैरसमज : वेग जास्त म्हणजे नासाडी जास्त.

वस्तुस्थिती : वेगाचा हिशेब गोळीची बांधणी आणि अंतर यांच्यासोबतच करावा लागतो. २००४ साली आलेल्या .२०४ रूगरची ३२ ग्रेनची गोळी सेकंदाला जवळजवळ १,२९० मीटर वेगाने निघते, तरीही हे काडतूस फर विकणाऱ्यांचे आवडते आहे. इतक्या वेगात हलकी, ठिसूळ गोळी आतच विरून जाते. तीच गोळी पन्नास मीटरवरून खांद्याच्या हाडावर बसली, तर मात्र आत शिरण्याआधीच फुटते आणि वरच्यावर खड्डा पाडते.

.२२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेनची गोळी सुमारे ९९० मीटरने, तर .२२-२५० रेमिंग्टनची तेवढ्याच वजनाची गोळी सुमारे १,१२० मीटरने सुटते. उघड्या माळावर लांबचा नेम धरायचा असेल, तर दुसरीचा सरळ मार्ग उपयोगी पडतो. पण कायोटीला अनेकदा सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढून जवळ बोलावतात. तो शंभर मीटरच्या आत आला, तर गोळीचा जादा वेग कातड्याच्या मुळावर येतो. अशा ठिकाणी .२२३ पुरेशी ठरते. .२४३ विंचेस्टर हे हरणासाठीही चालणारे काडतूस. त्याची हरणासाठी बनवलेली १०० ग्रेनची गोळी कायोटीच्या अरुंद छातीत थांबत नाही, आणि ५८ ग्रेनची हलकी गोळी जवळून झाडली तर मोठे भगदाड पाडू शकते.

गैरसमज : मग रिमफायरच बरे, आवाज कमी, भोक लहान.

वस्तुस्थिती : रिमफायर म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारे छोटे काडतूस. २००२ साली आलेल्या अशाच .१७ एचएमआरची १७ ग्रेनची गोळी नळीतून निघताना सुमारे ३३० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. .२२३च्या ५५ ग्रेनच्या गोळीत ती १,७०० ज्यूलच्या वर असते. ससा-खारीला पुरणारी ही ताकद कायोटीसाठी अगदी जवळून आणि अचूक नेमातच चालते. अंतर वाढले की जनावर जखमी होऊन पळते, आणि न सापडलेल्या जनावराच्या अखंड कातड्याची किंमत शून्य.

गैरसमज : डोक्यात मारले की कातडे हमखास वाचते.

वस्तुस्थिती : बाजारासाठी कायोटी सोलताना कान, डोळे आणि नाकापर्यंतचे कातडे एकसंध काढतात, त्यामुळे डोक्यावरची जखमही दिसतेच. डोके लहान असते आणि सतत हलते. जनावर आडवे उभे असताना खांद्यामागे, फुप्फुसांच्या जागी मारलेली गोळी अधिक भरवशाची.

गैरसमज : शिशाशिवाय फुटणारी गोळी मिळतच नाही.

वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. शिसे पोटात जाऊन कॉन्डोर गिधाडे मरत होती, हे त्यामागचे मोठे कारण. एकसंध तांब्याची गोळी सहसा तुटत नाही, आरपार जाते. पण बार्न्सच्या व्हार्मिंट ग्रेनेडसारख्या गोळीत तांबे आणि कथिलाच्या भुकटीचा दाबलेला गाभा असतो, आणि तो आत गेल्यावर विखुरतो.

गैरसमज : भोक पडले की कातडे वाया.

वस्तुस्थिती : लहान भोके आतल्या बाजूने शिवता येतात आणि दाट फरखाली ती झाकली जातात. भाव खाली आणणारी इतरही कारणे आहेत : हिवाळ्याच्या अखेरीस घासून विरळ झालेली फर, न धुतलेले रक्त, घाईत सोलताना लागलेले सुरीचे काप. मागणीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. जाकिटांच्या टोपीला कायोटीची फर लावणाऱ्या कॅनडा गूज कंपनीने २०२१ साली फर वापरणे थांबवण्याची घोषणा केली, आणि कॅलिफोर्नियात २०२३पासून नव्या फरच्या विक्रीवरच बंदी आहे. अशा बाजारात मालाची प्रत चांगली नसेल, तर गिऱ्हाईक मिळणे अवघड.

एकूण हिशेब असा. दोनशे मीटरच्या आतल्या शिकारीला .१७ रेमिंग्टन किंवा .२०४ रूगर, हलक्या ठिसूळ गोळीसह, सर्वांत सोयीचे. एकच रायफल बाळगणाऱ्याने .२२३ आणि ४० ते ५५ ग्रेनची पॉलिमर टोकाची गोळी घ्यावी. .२२-२५० लांबच्या नेमासाठी राखून ठेवावी, आणि फर विकायची असेल तर .२४३ घरीच ठेवावी. काडतुसांचा डबा विकत घेण्याआधी आपल्या राज्याचे त्या वर्षीचे शिकारीचे नियम मात्र जरूर वाचावेत.