आवारासकट चर्च

सकाळी ६:४५. रविवार असला तरी आजचा दिवस कामाचाच. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या या धर्मग्रामाला नवं संकुल हवं आहे: चर्च, सभागृह, धर्मशिक्षणाचे वर्ग, फादरांचं निवासस्थान. स्थानिक वाडीवाल्यांच्या जोडीला मुंबईहून राहायला आलेली कुटुंबं वाढली आणि जुनी वास्तू अपुरी पडू लागली. सातच्या मिस्सेला मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसते. वेदी पूर्वेला आहे. मागच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येतं, त्यामुळे प्रवचन देणाऱ्या फादरांचा चेहरा काळवंडलेला दिसतो. वहीत लिहून ठेवते: वेदीवर उजेड उत्तरेकडून, वरून.

८:००. मिस्सा संपते, पण घरी कोणी जात नाही. आजारी माणसाची चौकशी, लग्नाचं बोलणं, मयताच्या घरी जेवण कोण पोहोचवणार याची ठरवाठरव, सगळं आवारात उभ्याउभ्या होतं. आंब्याखाली म्हातारी माणसं, पायऱ्यांवर पोरं, फाटकाशी तरुण मंडळी. कोण कुठे थांबतं ते मी नकाशावर ठिपक्यांनी मांडत जाते. चर्चच्या आराखड्यात ही जागा बहुतेक वेळा पार्किंगला दिली जाते, आणि ते मला मान्य नाही.

१०:३०. ऑफिसात मी एकटीच. समितीने बाराशे आसनं मागितली आहेत. एका माणसाला बाकावर अर्धा मीटर, दोन बाकांमध्ये नव्वद सेंटिमीटर, शिवाय वाटा धरल्या तर माणशी पाऊण चौरस मीटर. म्हणजे नुसत्या बसण्यालाच नऊशे चौरस मीटर लागतात. आठशेवर थांबलं तर सहाशेत भागतं. बारा मीटर रुंदीच्या लांबट दालनात हे आठशे लोक पन्नास मीटर मागे जातील. वेदीभोवती अर्धवर्तुळात बसवले तर शेवटचा माणूस वीस मीटरवर येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. मग शेवटच्या बाकालाही चेहरा दिसायला हवा, अर्धवर्तुळ हवंच. मधली वाट मात्र दोन मीटर ठेवते, कारण शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसं तिथून सरळ चालत गेली पाहिजेत.

उरलेले चारशे? ते नाताळ आणि ईस्टरलाच येतात. त्यांच्यासाठी बाजूचे दरवाजे पूर्ण उघडणारे आणि बाहेर खोल पडवी. दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या नव्या इमारतीत चार्ल्स कोरियांनी सत्तरच्या दशकात बंदिस्त दालनं आणि खुली आवारं एकमेकांत गुंफली, ती पाहायला मी दर वेळी विद्यार्थ्यांना नेते.

दुपारी १:००. जुनं चर्च रिकामं असताना एक टाळी वाजवून ऐकते. नाद लांबतो. शब्द कळायला तो सेकंदभरात विरावा, गायकवृंदाला मात्र दोन सेकंद आवडतात. मी शब्दाच्या बाजूने झुकते: दीड सेकंदाच्या आत. अर्धवर्तुळाची मागची भिंत आवाज एकाच ठिकाणी गोळा करते, म्हणून ती तुकड्यांत मोडायची आणि लाकडी पट्ट्यांनी मढवायची.

४:००. जागेवर. कोपऱ्यात बावखल आहे; सभागृहासाठी ते बुजवावं असा एक प्रस्ताव आहे. जुलै २०१८मध्ये वसई पाण्याखाली गेली होती. हे तळं पावसाचं पाणी धरतं, भोवतालच्या विहिरींना पाझर देतं. सभागृह वर्गांच्या वर चढवलं तर बावखल वाचतं. जोतं पंचेचाळीस सेंटिमीटर उचलायचं, मग एकास बारा उताराचा रॅम्प साडेपाच मीटर लांब होतो. तो मागच्या दाराशी नको, मुख्य दरवाजालाच हवा.

संध्याकाळी ७:३०. समितीची बैठक. ‘मॅडम, एवढा खर्च करून आसनं कमीच?’ एक काका विचारतात. मी सकाळचे ठिपके दाखवते. स्त्रीमंडळाच्या मावशी नकाशावर बोट ठेवून म्हणतात, ‘आंबा तोडायचा नाही.’ पडवीवर चर्चा तासभर रंगते. बावखलाला फादरांचा पाठिंबा मिळतो, पण वर नेलेल्या सभागृहाला लिफ्ट लागेल आणि तिचा खर्च कोणी धरलेला नाही. आठशेवर एकमत होत नाही. पुढच्या रविवारी तिन्ही मिस्सांची डोकी मोजायची, मग ठरवायचं. मोजणीचं काम युवक मंडळाने घेतलं आहे. लिफ्टचं अंदाजपत्रक मी बुधवारपर्यंत द्यायचं आहे.