काळा पापुद्रा आणि मोठी आच

‘नॉनस्टिकचा पापुद्रा पोटात गेला की कॅन्सर होतो.’ हे वाक्य मी हळदीकुंकवात ऐकलं, भांड्यांच्या दुकानात ऐकलं, दवाखान्यात नंबर लावून बसले असताना ऐकलं. शेजारच्या वहिनींनी तर या भीतीपोटी धडधाकट नॉनस्टिक कढई भंगारात घातली आणि कार्बन स्टीलचा वोक आणला. पंधरा दिवसांत त्याला गंज चढला, तो बघून त्या पुन्हा घाबरल्या आणि वोक माळ्यावर गेला. दोन भांड्यांचे पैसे गेले, भीती मात्र घरातच राहिली. याचा मला मनापासून राग येतो, कारण खरी माहिती अजिबात अवघड नाही.

नॉनस्टिकवरचा काळा लेप पीटीएफई नावाच्या पदार्थाचा असतो. टेफ्लॉन हे त्याचं बाजारातलं नाव. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत रॉय प्लंकेट शीतकांसाठी लागणाऱ्या वायूंवर काम करत होते, तेव्हा तो योगायोगाने हाती लागला. पुढे १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार यांनी तो अॅल्युमिनियमच्या भांड्यावर बसवला. या पदार्थाची ख्यातीच अशी, की तो सहसा कशाशीच रासायनिक क्रिया करत नाही. म्हणून तर शस्त्रक्रियेत वापरायच्या कृत्रिम रक्तवाहिन्या त्याच्यापासून करतात. शरीरात वर्षानुवर्षं राहू शकणाऱ्या या पदार्थाचा कणभर पापुद्रा भाजीबरोबर गिळला गेला, तर तो पचत नाही, जसा गेला तसा बाहेर पडतो. ज्यांना माझ्या शब्दावर भरवसा ठेवायचा नसेल त्यांनी अमेरिकन कॅन्सर सोसायटी काय म्हणते ते पाहावं. नॉनस्टिक भांड्यात स्वयंपाक केल्याने माणसाला कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही, असंच ती सांगते.

मग ही भीती आली कुठून? ती हवेतून आलेली नाही. पीटीएफई तयार करताना पूर्वी पीएफओए नावाचं दुसरं रसायन वापरत. ते मात्र खरोखर घातक आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते नदीत, हवेत आणि लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं. खटला झाला, सुमारे ६९ हजार लोकांची रक्ततपासणी झाली आणि २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या समितीने त्याचा सहा आजारांशी संभाव्य संबंध सांगितला. त्यांत मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कॅन्सर होता. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने पीएफओएला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चितपणे कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलं. पण अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी त्याचा वापर २०१५ पर्यंत बंद केला होता. आणि त्याआधीच्या भांड्यांतही लेप भट्टीत भाजताना ते जवळपास सगळं उडून जाई.

भोगलं ते कारखान्यातल्या कामगारांनी आणि आसपास पाणी पिणाऱ्यांनी. या कुळातल्या रसायनांनी इटलीत व्हिचेन्झा परिसरातलं भूजलही बाधित केलं, आणि २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्या कारखान्याच्या ११ माजी अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आली आहे. काळजीने झोप उडवायचीच असेल तर ती तिथल्या पाण्यासाठी उडू द्या. ताटातल्या काळ्या ठिपक्यासाठी नको.

स्वयंपाकघरातला खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तो आचेचा आहे. पीटीएफई साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत नीट टिकतं, ३५०च्या पुढे ते भराभर तुटू लागतं आणि विषारी धूर सोडतं. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडीताप, खोकला, अंगदुखी सुरू होते. पिंजऱ्यातले पक्षी तर त्या धुराने मरतात. भाजीत पाणी असेतो कढई इतकी तापत नाही. रिकामी कढई मोठ्या आचेवर राहिली तर मात्र काही मिनिटांत तिथवर पोचते. खोक्यावर ‘पीएफओए-फ्री’ छापलं म्हणून हे टळत नाही, कारण धूर लेपाचाच असतो. कल्हई केलेलं पातेलं रिकामं तापवायचं नाही, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं. नियम तोच आहे, फक्त लेप बदलला.

म्हणूनच नॉनस्टिक वोक ही मला न पटणारी वस्तू आहे. वोक हे चिनी स्वयंपाकातलं मोठ्या आचेचं भांडं. धूर येईस्तोवर तापवायचं, तेल सोडायचं आणि दोन-तीन मिनिटांत परतून उतरवायचं. हे ज्यात करायचं नाही, नेमका तोच लेप त्याच्यावर चढवून विकतात, आणि वर खोक्यावर ज्वाळांचं चित्र! अशी खोकी मी स्वतः पाहिली आहेत.

आता वहिनींच्या वोककडे वळते. कार्बन स्टील म्हणजे कार्बनचा लेप दिलेलं स्टील नव्हे. ते जवळजवळ ९९ टक्के लोखंडच असतं, कार्बन जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी. ते गंजणारच. गंज म्हणजे विष नाही आणि त्याने धनुर्वातही होत नाही, तो जिवाणूंमुळे होतो. घासणीने खरवडा, धुवा, आचेवर कोरडा करा, तेलाचा हात फिरवा, झालं. वोकवर चढत जाणारा काळा थर मळ नसतो. तापून घट्ट झालेल्या तेलाचा तो पातळ पापुद्रा असतो, आणि त्याच्यामुळेच पदार्थ चिकटत नाही. आजी बिडाच्या तव्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायची ती याचसाठी. थेंबभर साबणाने हा थर जात नाही. रात्रभर भिजत ठेवल्याने आणि चिंच, कोकम, टोमॅटो त्यात उकळत ठेवल्याने जातो.

लोखंडी भांड्याने रक्त वाढतं, हे बरंचसं खरं. इथिओपियातल्या मुलांवरचा १९९९ सालचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. अॅल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवलेलं खाणाऱ्या मुलांपेक्षा लोखंडी भांड्यांत शिजवलेलं खाणाऱ्यांचं हिमोग्लोबिन जास्त वाढलं. तरी ते औषध नव्हे, आणि घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोखंडी भांडं वापरू नका. गाडीवरच्या चायनीजची चव घरी येत नाही तो दोष वोकचा नाही. गाडीवरची शेगडी घरच्यापेक्षा कितीतरी पट जोरदार असते. घरी एका वेळी दोन माणसांपुरतंच परता आणि भात आदल्या दिवशीचा घ्या. ‘सिरॅमिक’ म्हणून विकतात तो लेप जास्त आच सोसतो, पण लवकर चिकटू लागतो.

एकच कढई घ्यायची असेल आणि फोडणी, परतणं मोठ्या आचेवर होत असेल, तर सपाट तळाची कार्बन स्टीलची घ्या, ती इंडक्शनवरही चालते. घरातलं नॉनस्टिक धिरड्यांना, अंड्यांना, मंद आणि मध्यम आचेवर खुशाल वापरा, लाकडी उलथन्याने. लेप सोलवटला की बदला, कारण मग पदार्थ चिकटतो. आणि घरात लव्हबर्डचा पिंजरा असेल, तर तो आजच स्वयंपाकघरातून हलवा.